परमुलखातील कामाची भाषा

परदेशी नोकरीला निघालेल्या माणसाला आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘तिथे इंग्रजी चालते ना?’ या प्रश्नातील ‘चालते’ हे क्रियापद मोठे मार्मिक आहे. आपल्याकडे फाटकी नोट चालते, ओळखीवर उधारी चालते, वेळप्रसंगी झेरॉक्स प्रतही चालते. चालते याचा अर्थ अडत नाही, एवढाच. युगांडातील एका साखर कारखान्यात नोकरीला जाण्याचे ठरले तेव्हा मलाही नातेवाइकांनी हेच विचारले आणि मी ‘चालते’ असे उत्तर दिले. उत्तर खरे होते. युगांडात इंग्रजी ही राजभाषा आहे; नेमणुकीचे पत्र, कारखान्याची कागदपत्रे, प्रयोगशाळेच्या नोंदवह्या सारे इंग्रजीतच असणार होते. तरीही आफ्रिकेतील एखादी भाषा शिकूनच तेथे जावे, असे मी मनाशी ठरविले. कोणती, हा प्रश्न मात्र वाटला होता त्याहून बराच अवघड निघाला.

पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांतून पूर्व आफ्रिकेकडे जाणारी वाट आता चांगलीच मळलेली आहे. केमिस्ट, पॅनमन, फिटर, बॉयलर अटेंडंट असे कितीतरी लोक दोन-तीन वर्षांच्या करारावर तिकडे जातात. ऊस तेथेही तोच, रसाला चुना तेथेही तसाच द्यावा लागतो, पाक आटवून दाणा तेथेही तसाच धरावा लागतो. फरक म्हणजे आपल्याकडे चार-पाच महिन्यांत गळीत हंगाम उरकतो, तर विषुववृत्तावरील युगांडात ऊस जवळजवळ वर्षभर गाळला जातो. मी मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट असल्यामुळे यंत्रांची किंवा रसायनांची मला काळजी नव्हती. काळजी होती ती माणसांची; आणि त्या काळजीला एक कारण होते.

काही वर्षांपूर्वी मी आपल्याकडच्याच एका कारखान्यात रात्रपाळीला होतो. चोथा वाहून नेणाऱ्या पट्ट्याजवळ झारखंडमधून कंत्राटावर आलेली दोन मुले काम करीत होती. दोघांनाही कामापुरती हिंदी येत होती. दिवसभर ती आमच्याशी हिंदीतच बोलत. पहाटे तीनच्या सुमारास त्यांतला एक मोठ्याने ओरडला. जो शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडला तो हिंदी नव्हता. आमच्यापैकी कोणालाच तो समजला नाही. आवाजातील भीती मात्र समजली आणि एकाने धावत जाऊन पट्टा बंद केला. दुसऱ्या मुलाचा सदरा रोलरमध्ये अर्धा ओढला गेला होता. तो वाचला, सदऱ्यावरच निभावले. पण तो न कळलेला शब्द माझ्या कानांतून गेला नाही. माणूस दिवसभर कामाची भाषा बोलतो आणि भीती वाटली की स्वतःची. पर्यवेक्षक म्हणून उभ्या असलेल्या माणसाला या दोहोंपैकी अधिक गरज कोणत्या भाषेची, हे मला त्या रात्री कळले.

आफ्रिकेतील भाषांविषयी आपल्याकडे एक सुखद अज्ञान आहे. ‘आफ्रिकन भाषा शिकतोस म्हणे,’ असे शेजारचे आबा मला कौतुकाने म्हणाले. ‘युरोपियन भाषा’ असे कोणी म्हणत नाही. पण आफ्रिका हा आपल्या मनात खंड नसून एक देशच असतो. प्रत्यक्षात त्या खंडात सुमारे २००० भाषा बोलल्या जातात. नायजेरियातील योरुबा भाषेत स्वराच्या तीन उंचींवर शब्दांचे अर्थ ठरतात. दक्षिणेकडील झुलू भाषेत जिभेने काढलेले टचकारे ही चक्क व्यंजने आहेत. त्याच नायजेरियाच्या उत्तरेला हौसा आहे, ती योरुबाच्या कुळातली नव्हे. एवढ्या पसाऱ्यातून एक भाषा निवडायची, तर निवडीची कसोटी आधी हातात हवी.

त्या काळात माझ्यासमोर तीन देशांतील जागा होत्या : इथिओपिया, टांझानिया आणि युगांडा. मी एक वही घातली आणि हंगाम संपल्यावरच्या निवांत दुपारी तीनही देशांच्या भाषांची माहिती तीत उतरवू लागलो.

प्रथम मन ओढले ते इथिओपियाने. तेथील आम्हारिक भाषेची लिपी पाहिली आणि आपली बाराखडीच वेगळ्या वेषात भेटल्यासारखे वाटले. प्रत्येक व्यंजनाची स्वरानुसार सात रूपे, मूळ अक्षराला कोठे पाय फुटलेला, कोठे कडी लागलेली. ‘क, का, कि, की’ असे घोकत वाढलेल्या माणसाला ही लिपी परकी वाटत नाही. हेले सेलासी यांच्या राजवटीत भारतातून कितीतरी शिक्षक इथिओपियातील शाळांत शिकवायला गेले होते. त्यांनाही असेच वाटले असेल काय, असा विचार मनात येऊन गेला. परंतु वहीत पुढची ओळ लिहिताना हात थांबला. वोंजी येथे १९५४ साली डच कंपनीने साखर कारखाना उभारला, तेव्हापासून त्या देशातील ऊस प्रामुख्याने ज्या भागांत वाढला, त्यांपैकी बराचसा प्रदेश ओरोमो लोकांचा आहे. ओरोमो ही वेगळी भाषा आहे आणि १९९१ नंतर ती आम्हारिकच्या लिपीत न लिहिता रोमन लिपीत लिहिली जाते. लिपीची निवडसुद्धा तेथे स्वाभिमानाचा प्रश्न झाली. म्हणजे जी लिपी पाहून मी हरखलो होतो, ती राजधानीतील कचेरीत माझ्या कामी आली असती. उसाच्या फडात तिचा उपयोग किती झाला असता, याची शंकाच होती. भाषेचे सौंदर्य ही निवडीची कसोटी असू शकते, पण ती रसिकाची कसोटी होय. मला कामाला जायचे होते.

टांझानियाचे उत्तर सर्वांत सोपे होते. त्या देशात १२० हून अधिक भाषा असल्या, तरी स्वाहिली सर्वांना येते. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्यरेरे यांनी तिला शाळेत, कारभारात आणि सभेत आणले. एवढेच नव्हे, तर शेक्सपिअरची ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ ही नाटके स्वतः स्वाहिलीत उतरविली. राज्य चालविता चालविता शेक्सपिअरचे भाषांतर करणारा राष्ट्रप्रमुख मला तरी दुसरा ठाऊक नाही. २०२२ साली आफ्रिकी संघानेही स्वाहिलीला आपल्या कामकाजाच्या भाषांत स्थान दिले.

मराठी माणसाला स्वाहिली शिकताना पावलोपावली ओळखीची माणसे भेटतात. किताब तेथे ‘किताबू’, हिशेब ‘हेसाबू’, साबण ‘साबुनी’, वकील ‘वाकिली’, खबर ‘हाबारी’. ही सारी मंडळी अरबी व्यापाऱ्यांबरोबर तिकडे उतरली आणि फारसीच्या आधाराने इकडे आली. शिवाय भारतातून थेट गेलेलेही शब्द आहेत : गाडी म्हणजे ‘गारी’, विमा म्हणजे ‘बिमा’, लाख म्हणजे ‘लाकी’, आणि चपाती तर चपातीच. माझ्या धंद्यातला शब्द सर्वांत लांबचा प्रवास केलेला. संस्कृतातील ‘शर्करा’ आपल्याकडे साखर झाली, अरबीत सुक्कर झाली, स्वाहिलीत ‘सुकारी’ झाली. पण या पाहुण्यांना स्वाहिलीने आपल्या घरचे वळण लावले. ‘की’ने सुरू होणाऱ्या नामांचे अनेकवचन त्या भाषेत ‘वी’ लावून होते. म्हणून ‘किताबू’चे अनेकवचन ‘विताबू’! अरबी शब्दाचे पहिले अक्षर कापून तेथे आपला प्रत्यय बसविणारी भाषा मला फार आवडली. उसनवारी करावी तर अशी.

याच वाचनात एक धागा अनपेक्षितपणे नाशिकला येऊन पोहोचला. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांसाठी नाशिकजवळ शरणपूर येथे मिशनऱ्यांनी आश्रम चालविला होता. तेथे शिकलेला जेकब वेनराइट हा १८७३ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्या तुकडीत होता. पुढे शरणपूरची अनेक मंडळी मोंबासाजवळ फ्रीअरटाउन येथे वसविण्यात आली. तेथे लोक त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत. आफ्रिकेत जन्म, गोदाकाठी बालपण आणि पुन्हा आफ्रिका. परतल्यावर त्यांना घरची भाषा किती आठवत असेल? माझ्या निवडीशी याचा काही संबंध नव्हता. पण वहीतले ते पान मी फाडले नाही.

अखेरीस नोकरी ठरली ती युगांडात, पूर्वेकडील बुसोगा प्रदेशात. आणि वहीतील सगळी मांडणी नव्याने करावी लागली.

युगांडात चाळीसहून अधिक भाषा आहेत. बुसोगातील लोकांची भाषा लुसोगा. पश्चिमेला नाईल ओलांडली की बुगांडाचे राज्य लागते. तेथील लुगांडा ही राजधानी कंपालाची, बाजाराची आणि रेडिओची भाषा असून देशाच्या मोठ्या भागात ती समजते. उसाच्या मळ्यांत काम करायला मात्र पिढ्यान्‌पिढ्या उत्तरेकडून आणि पश्चिम नाईल भागातून मजूर आलेले. त्यांच्या भाषा आणखी निराळ्या, अलूर, लुग्बारा, आचोली अशा. स्वाहिलीला २००५ साली घटनादुरुस्तीने दुसऱ्या राजभाषेचा दर्जा मिळालेला. आणि सर्वांच्या डोक्यावर इंग्रजी. बोलणाऱ्यांच्या संख्येवरून निवड करायची, तर स्वाहिली पहिली यायला हवी होती. कारण पूर्व आफ्रिकेत ती कोट्यवधी लोकांना येते. माझ्या परिचयातील बहुतेकांचा सल्लाही तोच होता. ‘स्वाहिली शिक, उद्या केन्यात गेलास तरी उपयोगी पडेल,’ असे ते म्हणत. सल्ला व्यवहारी होता, पण भाषेला केवळ संख्या नसते, इतिहासही असतो. युगांडात स्वाहिली ही दीर्घकाळ सैन्याची भाषा राहिली. वसाहतीच्या काळात पलटणीत तीच चाले आणि इदी अमीनच्या राजवटीत लोकांनी ती ऐकली ती बरेचदा बंदूकधाऱ्यांच्या तोंडून. हुकूम आणि भीती यांचा वास ज्या भाषेला एकदा लागला, तो कायद्याने जात नाही. आजची तरुण पिढी तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली आहे, हे खरे. तथापि वयस्कर माणसाशी बोलण्याची सुरुवात तिने करावी की नाही, याचा विचार करावा लागतो.

आपला इतिहासही त्यात मिसळलेला आहे. मोंबासाहून आत जाणारा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात भारतातून नेलेल्या मजुरांनी बांधला आणि त्यामागोमाग भारतीय दुकानदार गावोगाव पोहोचले. लुगांडात दुकानाला आजही ‘एद्दूका’ म्हणतात. ऑगस्ट १९७२ मध्ये अमीनने आशियाई वंशाच्या लोकांना देश सोडण्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेले हजारो लोक एकेका पेटीनिशी बाहेर पडले. तो अन्याय होता, यात शंका नाही. परंतु त्या काळाविषयी वाचताना एक गोष्ट मनाला टोचत राहते : दुकानात, मळ्यात आणि स्वयंपाकघरात जी मोडकीतोडकी भाषा मालक लोक बोलत, ती बहुतांशी आज्ञार्थी क्रियापदांची होती. आण, ठेव, उचल, पूस. केन्यातील गोऱ्या मळेवाल्यांच्या अशा स्वाहिलीला तर ‘किसेटला’ असे वेगळे नावच पडले होते. अशी भाषा येणे म्हणजे भाषा येणे नव्हे. तिच्यात ‘का?’ असे विचारता येत नाही आणि ‘तुला काय वाटते?’ असेही विचारता येत नाही.

इंग्रजीविषयीचा माझा संशय केन्याचे लेखक न्गुगी वा थ्योंगो यांच्या अनुभवाने आणखी वाढला. न्गुगी यांनी आरंभी इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत सत्ताधाऱ्यांवर टीकाही केली. पण १९७७ साली त्यांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन गिकुयू भाषेत नाटक उभे केले आणि वर्ष संपताना त्यांना अटक झाली. तुरुंगात त्यांनी शौचालयातील कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली. इंग्रजी पुस्तक सरकारला सोसले. कामकऱ्यांना समजणारे नाटक सोसले नाही. कोणती भाषा कोठपर्यंत पोहोचते, हे मोजायला याहून वेगळी पट्टी कशाला हवी?

शेवटी मी युगांडात आधीपासून काम करीत असलेल्या एका फिटरला फोन केला. तो सांगलीकडचा, वयाने माझ्याहून मोठा. मी त्याला चार प्रश्न विचारले. पाळी बदलताना लोक एकमेकांशी काय बोलतात? जेवणाच्या सुट्टीत गप्पा कोणत्या भाषेत होतात? यंत्र बिघडले की पहिला शब्द कोणत्या भाषेतला येतो? आणि तुमच्याविषयी बोलायचे असते तेव्हा ते कोणती भाषा वापरतात? शेवटच्या प्रश्नावर तो मोकळेपणाने हसला. ‘साहेब, ते कळले असते तर मी इथे सुखाने नांदलो नसतो,’ असे म्हणून त्याने उत्तरे दिली. कारखान्याच्या आत, गव्हाणीपासून साखरेच्या गोदामापर्यंत, बहुतेक लोक आपापसांत लुगांडा किंवा लुसोगा बोलतात. या दोन भाषा इतक्या जवळच्या की एक बोलला तरी दुसऱ्याला कळते. ऊसतोड करणारे वेगळे. त्यांच्याशी मुकादम स्वाहिलीत बोलतो. माझे काम आतले होते. पॅन, सेंट्रिफ्यूगल, प्रयोगशाळा. वहीतल्या पानावर मी ‘लुगांडा’ या शब्दाभोवती गोल केला.

लुसोगाच का नाही, असे आपण विचाराल. शिकण्याची साधने हे एक साधे कारण. लुगांडात संपूर्ण बायबल १८९६ सालीच छापले गेले. तिची व्याकरणे, कोश, वर्तमानपत्रे आहेत. अमेरिकी परराष्ट्र खात्याने १९६० च्या दशकात आपल्या नोकरवर्गासाठी तयार केलेला लुगांडाचा पाठ्यक्रम ध्वनिफितींसह उपलब्ध आहे. लुसोगासाठी यातले फारच थोडे मला हाती लागले. शिकणाऱ्याची निवड अनेकदा छापखान्याने आधीच करून ठेवलेली असते. पुण्यात वाणिज्य शाखेचा अभ्यास करणारा एक युगांडी विद्यार्थी मिळाला. दर रविवारी मी एस. टी.ने पुण्याला जाई, त्याच्या खोलीवर दोन तास बसे आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरे. नोकरी सांभाळून, घरच्यांच्या वाट्याचा वेळ काढून शिकणे म्हणजे काय, हे या पुस्तिकेच्या वाचकांना मी सांगायला नको. चाळिशीला टेकलेल्या मेंदूत नवा शब्द शिरायला वेळ लागतो. पण एकदा शिरला की तो का शिरला याचे कारणही सोबत घेऊन बसतो, एवढा प्रौढ विद्यार्थ्याचा फायदा.

लुगांडात नामांचे वर्ग असतात. आपल्याकडे लिंगे तीन, तेथे वर्ग दहाहून अधिक. आणि वर्ग कळतो तो शब्दाच्या शेवटावरून नव्हे, आरंभावरून. ‘मुगांडा’ म्हणजे त्या समाजातील एक माणूस, ‘बागांडा’ म्हणजे अनेक, ‘बुगांडा’ म्हणजे त्यांचा प्रदेश आणि ‘लुगांडा’ म्हणजे भाषा. मूळ तेच, पुढचे अक्षर बदलले की व्यक्ती, समाज, भूमी आणि वाणी अशी चारही दारे उघडतात. पहिल्याच आठवड्यात मी माझ्या स्वतःच्या वर्गात जाऊन बसलो : भारतीय माणूस म्हणजे ‘मुयिंदी’, अनेक असतील तर ‘बायिंदी’. माणसांच्याच वर्गात आपली गणना होते हे पाहून बरे वाटले! ऊस मात्र ‘एकिकाज्जो’, अनेक असतील तर ‘एबिकाज्जो’. तो पुस्तकाच्या, म्हणजे ‘एकिताबो’च्या, पंगतीला. मूळचा अरबी किताब येथेही त्याच युक्तीने घरजावई झालेला. साखर ‘सुकाली’. आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मामला आपल्यापेक्षा कडक. ‘ओकुसिबा’ म्हणजे बांधणे, ‘ओकुसीबा’ म्हणजे दिवस घालविणे किंवा उपास करणे. आपण ‘दिन’ आणि ‘दीन’ लेखनात वेगळे ठेवतो आणि बोलताना बहुधा एक करून टाकतो. तेथे ती मुभा नाही. माझा तरुण गुरू याबाबतीत निर्दय होता. ‘तुम्ही मला दिवस कसा गेला हे विचारीत नाही आहात, मला बांधायला निघाला आहात,’ असे तो गंभीरपणे म्हणे.

त्याने पहिले दोन महिने मला एकही आज्ञार्थी रूप शिकविले नाही. मी आग्रह धरला, कारखान्यात ‘थांबव’, ‘उघड’, ‘बंद कर’ हे आधी लागेल असे सांगितले. तो म्हणाला, ते शब्द सगळ्या बायिंदींना येतात. त्याने मला अभिवादने शिकविली. सकाळी भेटलेल्याला ‘वासुझे ओत्या’, म्हणजे रात्र कशी गेली. उतरत्या दिवशी ‘ओसीब्ये ओत्या’, दिवस कसा गेला. आणि काम करीत असलेल्या माणसाजवळून जाताना ‘जेबाले को’. या शब्दांचे मराठी करणे सोपे नाही. ‘श्रमाबद्दल धन्यवाद’ म्हटले तर औपचारिक होते, ‘शाब्बास’ म्हटले तर वरून खाली पाहिल्यासारखे होते. शेतात राबणाऱ्याला वाटसरू जाता जाता ‘काय पाहुणं, चाललंय का काम?’ म्हणतो, त्याच्या जवळपासचे ते आहे. मात्र तुझ्या कामाची मी दखल घेतली आहे, हा भाव त्यात स्पष्ट असतो. ओळख असो वा नसो, ते म्हणायचे असते. आणि म्हटले नाही तर माणूस काही बोलत नाही, पण लक्षात ठेवतो.

तेथे पोहोचल्यावर पहिल्या पाळीला मी पॅन स्टेशनचा जिना चढलो आणि पॅनवर उभ्या असलेल्या वृद्ध गृहस्थांना ‘जेबाले को, स्सेबो’ म्हणालो. ‘स्सेबो’ म्हणजे महोदय. त्यांनी काचेतून दाण्यावर ठेवलेली नजर काढली नाही, पण अभिवादनाची पूर्ण फेरी पार पाडली. रात्र, घर, प्रवास, सारे विचारले. मला अर्धे कळले. मग त्यांनी नमुन्याची काडी माझ्या हाती दिली आणि काचपट्टीवर पसरलेला दाणा दाखविला. तो आपल्याकडच्यासारखाच होता.

भाषा आल्याने सगळे सुरळीत झाले, असे म्हणण्यात अर्थ नाही. माझी लुगांडा अजूनही शाळकरी आहे. जलद बोलणे कळत नाही, विनोद तर बरेचदा निसटतो. परंतु तिसऱ्या महिन्यात एका रात्री क्रिस्टलायझरजवळचा एक तरुण मदतनीस माझ्याकडे आला आणि चढ्या आवाजात भराभर बोलू लागला. त्याला इंग्रजी येत होते. दिवसा तो माझ्याशी इंग्रजीतच बोले. त्या क्षणी मात्र त्याला ते सुचले नाही. मला त्यातले दोनच शब्द नेमके कळले, एक ‘तापले आहे’ या अर्थाचा आणि दुसरा ‘न्यो’, म्हणजे फार. ‘न्यो, न्यो’ असे तो म्हणत राहिला. एवढे पुरेसे होते. गिअरबॉक्सच्या बेअरिंगला हात लावता येत नव्हता. यंत्र थांबविले, वंगणाची नळी तुंबलेली निघाली. दोन तासांचे काम, कोणाला इजा नाही. अशा गोष्टी कारखान्यात आठवड्याला घडतात आणि त्यांची नोंद नोंदवहीत एका इंग्रजी ओळीत होते.

निवडीची दुसरी बाजूही हळूहळू दिसू लागली. भांडारातील एका कारकुनाने एकदा सौम्यपणे सांगितले, ‘तुम्ही आमच्याशी लुगांडा बोलता, हे चांगलेच. पण तीही आमच्याकडे बाहेरूनच आली.’ तो मुसोगा होता. इंग्रजांनी बुसोगाचा कारभार लावताना बुगांडातील माणसे आणली, त्यांच्याबरोबर प्रार्थना आणि कागदपत्रे लुगांडात आली. शेजारची मोठी भाषा लहान भाषेवर कशी पसरते, हे मराठीच्या बोलींकडे पाहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. प्रमाण मराठीपुढे अहिराणीभाषकाला काय वाटत असेल, याचा विचार मी त्यापूर्वी इतक्या जवळून केला नव्हता. आता मी त्याच्याकडून रोज एक लुसोगा शब्द घेतो. तो आठवड्याने तपासतो. आणि फडात गेलो की उत्तरेकडच्या तोडणी कामगारांपुढे माझी लुगांडा निरुपयोगी ठरते. तेथे स्वाहिलीतील ‘हाबारी’पासूनच सुरुवात करावी लागते. दुपारच्या सुट्टीत फाटकाबाहेर मिळणाऱ्या ‘रोलेक्स’साठी मात्र कोणतीच भाषा लागत नाही. हे घड्याळ नव्हे. चपातीत अंड्याची पोळी गुंडाळून करतात तो पदार्थ. चपाती आपली, गुंडाळी त्यांची.

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून एका तरुण केमिस्टचा फोन आला. त्याला झांबियात नोकरी मिळण्याची शक्यता होती. ‘सर, तिकडे बेंबा शिकू की न्यांजा? न्यांजा लुसाकात चालते आणि बेंबा बोलणारे जास्त आहेत असे वाचले,’ त्याने विचारले. त्याने चांगली तयारी केली होती. झांबियाने मान्य केलेल्या सातही प्रादेशिक भाषांची नावे त्याला पाठ होती. मी विचारले, कारखाना कोठे आहे? मझाबुकाजवळ, तो म्हणाला. मझाबुका दक्षिण प्रांतात येते आणि तो प्रांत टोंगा भाषेचा. त्याच्या दोन्ही भाषा बाजूला पडल्या. तो थोडा वेळ गप्प राहिला.

‘मग टोंगा शिकू?’

‘तुझे काम कुठे आहे? प्रयोगशाळेत, मिलवर की फडात?’

‘ते अजून सांगितलेले नाही त्यांनी.’

‘ते आधी विचार. आणि पाळीवर तुझ्याबरोबर कोण असेल, ती माणसे कोणत्या गावांहून येतात, हेही विचार.’

‘असे कोणी विचारते का, सर? मुलाखतीत पगार आणि राहण्याची सोय विचारतात.’

‘तेही विचार,’ मी म्हणालो. त्याने लिहून घेतले असावे. कागद उलटल्याचा आवाज आला. दोन दिवसांनी पुन्हा फोन करतो म्हणाला.